पाटीखालचा हिरवा

चाचांच्या उजव्या कानात नेहमी अत्तराचा कापसाचा बोळा असायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, कान दुखत असेल. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांनी तो बोळा कानातून काढला, बोटांनी थोडा पिंजला आणि समोरच्या उघड्या पत्र्यावरून अगदी हलका फिरवला. पत्र्याच्या मधोमध एका जागी कापसाचा एक तंतू अडकून राहिला. त्या तंतूवर बोट ठेवून चाचा म्हणाले, "इथं आहे अजून. घास." आणि बोळा परत कानात गेला.

मला त्या जागी काहीच दिसत नव्हतं. पत्रा चकचकीत होता. पण मी पॉलिश पेपरनं दहा-पंधरा हात मारले तर कागदावर तपकिरी भुकटी आली. गंज तिथं होता, आतल्या बारीक छिद्रात बसलेला. मला नवल वाटलं. त्यानंतर त्या माणसाबद्दल नवल वाटायचं कधी थांबलंच नाही.

अकोला-अमरावती रोडवर, मूर्तिजापूरच्या अलीकडे चाचांचं टिनाचं शेड होतं. गाड्यांचे पत्रे सरळ करायचे, गंज काढायचा आणि रंग द्यायचा, हे त्यांचं काम. ट्रॅक्टरची मडगार्डं, ऑटोचे पत्रे, कधी एखादी मेटॅडोर. मी आणि देवकाबाई तिथं घासायच्या कामाला होतो. या कामाला बायका कोणी ठेवत नाही. पण त्या वर्षांत निंदणाची कामं कमी झाली होती, पेरलेलं मोडून पुन्हा पेरायची पाळी यायची, आणि चाचांचे दोन्ही जुने कारागीर सुरतेला निघून गेले होते. देवकाबाईनं एक दिवस जाऊन सरळ विचारलं, आणि मलाही ओढत नेलं.

चाचांनी आमची परीक्षा घेतली. दोघींच्या पुढ्यात मूठ-मूठ कापूस टाकला. त्यात वाळल्या पानाचा चुरा मिसळलेला. म्हणाले, "डोळे मिटा अन् कचरा काढा."

देवकाबाई म्हणाली, "गाडी घासाले ठेवता का कापूस निवडाले?"

"बाप्या माणसाचा हात जोर लावते," चाचा म्हणाले. "मले जोर नाही पायजे. मले खबर पायजे. कुठं काय लपलं आहे त्याची खबर."

आम्ही दोघी पास झालो. चाचा म्हणाले त्यांचे वडील पिंजारी होते, गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचे. कापूस फिरवून पाहायची रीत वडिलांच्या हातावरूनच आली असावी. पत्र्याचं काम त्यांना कोणी शिकवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी बोलत नसे. आजही कमीच बोलते. चार माणसं आली की मला शब्द सापडत नाहीत, आणि सापडतात तेव्हा माणसं निघून गेलेली असतात. देवकाबाई दोघींचं बोलायची. चाचांना माझ्या गप्प राहण्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, "एका शेडात एक रेडिओ पुरे आहे." देवकाबाईला राग यायचा, पण आवाज काही कमी व्हायचा नाही.

चाचांचे नियम पुष्कळ होते. कामाच्या दिवशी केसाला तेल लावायचं नाही. तेलाचा हात घासलेल्या पत्र्याला लागला तर रंग तिथं धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात. आम्ही बेसनानं हात धुऊन कामाला बसायचो. दुसरा नियम, उघडं केलेलं लोखंड दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही. घासून झालं की त्याच दिवशी लाल प्रायमरचा हात फिरलाच पाहिजे. एकदा संध्याकाळ झाली म्हणून देवकाबाई निघाली तर म्हणाले, "लेकराले न्हाऊ घालून ओलं-उघडं ठेवून जाशीन का तू?" ती परत बसली.

नट, बोल्ट, स्क्रू असली बारीक चीज ते मडक्यात आंबट ताक घालून त्यात बुडवून ठेवायचे. दोन-तीन दिवसांनी गंज आपोआप सुटून यायचा. ताकासाठी ते घरोघर विचारत फिरायचे. शिळं, आंबलेलं, वास मारणारं असेल तितकं बरं. देवकाबाई म्हणायची, "लोकं ताकाले तरसून राहिले अन् हा बुढा खिळ्याले ताक पाजून राहिला."

"खिळा तहानलेला असते," चाचा म्हणायचे. "माणसाची तहान पाण्यानं बी भागते."

निघालेली गंजाची भुकटी ते फेकू देत नसत. झाडूनं गोळा करून शेडामागच्या लिंबाच्या झाडाच्या मुळाशी घालायचे. त्या झाडाला लोखंड लागतं म्हणे. लिंबं खरंच मोठी असायची. मी एकदा पदरात बांधून दोन मुठी भुकटी घरी नेली. आमच्या वावरात पऱ्हाटीवर लाल्या पडला होता. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडचं कपाशीचं झाड, आणि लाल्या म्हणजे पानं काठाकडून लाल होत जाणारा रोग. ती चार-पाच वर्षं आमच्याकडं तो दरसाल यायचा. मी दोन झाडांच्या मुळाशी भुकटी घातली आणि आठ दिवस रोज जाऊन पाहिलं. काही झालं नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही.

रंग मारायचा दिवस म्हणजे सणासारखा. लाइट कधी असते कधी जाते, ते पाहून वेळ ठरायची, कारण रंगाची हवा मशीनवर चालते. चाचा आधी जमिनीवर पाणी शिंपायचे, धूळ उडू नये म्हणून. कोंबड्या हाकलायचे. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला तासभर गिरणी बंद ठेव म्हणून सांगायला जायचे, आणि दर वेळी भांडण व्हायचं. गिरणीवाला ओरडायचा, "चाचा, लोकाइनं काय तुमचा रंग खावा?" शेवटी गिरणी बंद व्हायची.

सगळ्यात जास्त भीती त्यांना कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची होती. दिवाळीनंतर या रोडवरून कापसानं भरलेल्या बंड्या आणि ट्रॅक्टर जिनिंगकडे जायचे. हवेत कापूस उडायचा आणि ओल्या रंगावर बसायचा. त्यामुळे त्या दोन-तीन महिन्यांत चाचा रंगाला हातच लावत नसत. पण मी होते त्या वर्षांत बंड्या फार येत नव्हत्या. एका सकाळी शेडाच्या दारात उभे राहून रिकाम्या रोडकडे पाहत ते म्हणाले, "यंदा रंगाले दिवस चांगले आहेत." लगेच आमच्याकडं वळले. दोघींच्या घरचं पोट कापसावरच होतं, ते त्यांना माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागवला.

अशाच एका हिवाळ्यात ती जीप आली. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली होती. मागून लुनावर तिचे मालक, भातकुलीकडचे एक रिटायर झालेले सुभेदार. सत्तरीच्या पुढचे, पाठ सरळ. फौजेत त्यांनी असलीच जीप चालवली होती. ही फौजेनं लिलावात काढलेली गाडी हात बदलत बदलत धारणीला गेली होती. तिथं घाटात माणसं, बकऱ्या आणि पोती वाहून वाहून तिचा जीव गेला होता. सुभेदारांनी ती कुठून तरी हुडकून काढली. चाचांना म्हणाले, "मिस्त्री, ही जशी फौजेत होती तशी पायजे. कमी नाही, जास्त नाही."

चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. हात लावत, बोटं वाजवत, कुठं कुठं कान लावून. मग म्हणाले, "लोखंड चांगलं आहे. वरून खराब झाली, मनातून नाही."

दीड महिना आम्ही तिला उघडं करत होतो. एकेक भाग सोडवायचा, अडकलेल्या बोल्टवर रॉकेल टाकायचं, घासायचा, प्रायमर मारायचा आणि शेडाच्या वाशाला टांगायचा. रंगाखाली रंग निघत होते. चाचांनी एका दारापाशी पैशाएवढी जागा गोल गोल घासली, तशी रंगांची कडी दिसू लागली, बांगड्यांत बांगडी ठेवल्यासारखी. चाचा म्हणाले, "वाचा पाहू."

देवकाबाईनं वाचलं. "पांढरा. मग निळा. मग पिवळा. मग लाल. अन् मग हिरवा."

"पांढऱ्यात हिनं धारणीले बकऱ्या वाहिल्या," चाचा म्हणाले. "पिवळ्यात कोण्या बड्या माणसाच्या लग्नात नवरदेव घेऊन फिरली. लाल तर प्रायमर. अन् हिरव्यात फौजेत होती."

"अन् निळ्यात?"

"निळ्यात कुठं होती ते तिलेच माहीत. बाईचा एखादा रंग तिच्यापाशीच राहू द्यावा."

त्यांना असं रंग विचारायची सवयच होती. डबा उघडला की विचारायचे, "हा कोणता?" रोडवरून ट्रक गेला की, "कोणत्या रंगाचा होता?" मला वाटायचं हा आमच्या नजरेला तयार करायचा प्रकार. प्रत्येक डब्याच्या कडीला त्यांनी चिंधी बांधलेली होती आणि तिला गाठी मारलेल्या. एकाला एक, दुसऱ्याला दोन. मी विचार करायची की गाठी कशाला, डब्याच्या कडेवरून रंग ओघळलेला तर दिसतोच आहे. पण विचारलं नाही. विचारणं मला जमत नव्हतं.

निघालेला हिरवा कामाचा नव्हता. उन्हानं आणि वरच्या रंगांनी तो जळून गेला होता. चाचा म्हणाले, ऊन न लागलेली जागा शोधावी लागते. स्टेअरिंगच्या बाजूच्या पत्र्यावर चार स्क्रूची पितळेची पाटी होती, इंग्रजी लिहिलेली. मला त्यातले आकडे तेवढे वाचता आले. दोन दिवस रॉकेल पाजल्यावर ते स्क्रू सुटले. पाटी निघाली आणि खाली तळहाताएवढा हिरवा निघाला, आजच मारल्यासारखा.

सुभेदार त्या दिवशी होते. ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, "हाच. सकाळी डोळे उघडले की हाच रंग दिसे आमाले." उभे राहून त्यांनी एकदम वेगळ्या आवाजात सांगितलं, "मिस्त्री, हाच पायजे. इकडचा नाही, तिकडचा नाही. दुसऱ्या हिरव्यात मी बसनार नाही. तुमाले जमत नसेल तर सांगून टाका, मी नागपूरले नेतो. तिथं जुळवून देनारे आहेत."

"माझ्या शेडातून अर्धी गाडी कधी गेली नाही साहेब," चाचा म्हणाले.

"मग येत्या रविवारी एक भाग रंगवून दाखवा. जुळला तर पुढं."

ते गेल्यावर चाचांनी आम्हाला त्या तुकड्यापुढं उभं केलं. "हा कोणता?"

"हिरवा," देवकाबाई म्हणाली.

"हिरवा पोपट बी असते अन् शेवाळ बी असते. कोणता हिरवा?"

"हिरवा म्हंजे हिरवा. आता काय फोटू काढून देऊ?"

ते माझ्याकडं वळले. मी पाहिलं. त्या हिरव्यात तपकिरी झाक होती, लालसर होती. माझ्या तोंडून निघालं, "पऱ्हाटीच्या पानासारखा."

चाचांना एवढा आनंद झाला! "पाहा! असं सांगायचं असते! पऱ्हाटी!" त्यांनी लगेच गाठी चाचपून डबे काढले, हिरवा, पिवळा, थोडा काळा. झाकणानं मोजून ओतले, ढवळले. पुटपुटत होते, पऱ्हाटी, पऱ्हाटी. दुपारी लाइट आली तसं पुढचं डावं मडगार्ड रंगवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी देवकाबाई बाजाराला गेली होती. मी एकटीच पोचले. चाचांनी मडगार्ड उन्हात काढलं होतं. कानातला बोळा काढून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत फिरवला, कुठं अडकला नाही. त्यांनी मडगार्ड दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यापुढं धरलं. चेहरा नुसता फुललेला. "पाहा बाई. तुझी पऱ्हाटी."

मडगार्ड हिरवंगार होतं. नव्या नवरीच्या चुड्यासारखं. मी त्याच्याकडं पाहिलं, पाटीखालच्या तुकड्याकडं पाहिलं, परत चाचांकडं पाहिलं. ते हसत होते. तो रंग आणि हा रंग दोन हातांच्या अंतरावर होते आणि ते हसत होते.

तेव्हा मला कळलं. डब्याच्या गाठी, रोडवरचा ट्रक, हा कोणता अन् तो कोणता. त्यांना रंग दिसतच नव्हता.

दिवसभर मी दुसरं काम केलं. पण मला एक गोष्ट उलगडत नव्हती. रंग दिसत नसला तरी हा माणूस नुसत्या मापानं रंग बनवत आला होता, कोणाला कधी संशय आला नव्हता. मी पऱ्हाटीचं पान सांगितलं, त्यांनी पऱ्हाटीचं पान बनवलं. मग चुकलं कुठं? घरी जाताना आमच्या वावरातून वाट होती. तिथं मी थांबले. पानांचे काठ लाल झालेले, मधे शिरांजवळ मळका हिरवा. मी चार-पाच वर्षं पऱ्हाटी अशीच पाहत होते. पऱ्हाटीचं पान म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं हेच येत होतं. आणि चाचांच्या डोळ्यापुढं आलं ते त्यांच्या वडिलांच्या वेळचं पान. निरोगी.

रविवारला तीन दिवस होते. सुभेदारांच्या समोर हे मडगार्ड गेलं तर गाडी नागपूरला जाणार, आणि का गेली ते सगळ्या मूर्तिजापूरला कळणार. ज्याला रंग दिसत नाही त्या रंगाऱ्याकडं ट्रॅक्टरचा पत्रासुद्धा कोण देईल? देवकाबाईला सांगितलं असतं तर तिनं सांगितलं असतं त्यांना, पण रस्ताभर सांगत गेली असती.

सकाळी मी एक पान तोडलं आणि लवकर गेले. चाचा एकटेच होते. मी ते पान त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. काठ कोरडा होता, चुरा झाला.

"हे बिमार आहे," ते म्हणाले.

"लाल्या आहे चाचा. आमची पऱ्हाटी अशीच असते आता. मी याचा रंग सांगितला तुमाले. चूक माझी झाली."

त्यांनी चुरा बोटांत चोळला. मग म्हणाले, "किती लाल?"

"काठाले पुरा. मधात थोडा हिरवा."

"म्हणजे मडगार्ड..."

"नुसतं हिरवं झालं."

ते डब्यावर बसले. पान हातातच होतं. ते उलटंपालटं करत म्हणाले, "दोन वर्षं झाले. सगळं चहातून पाहिल्यासारखं दिसते. माणूस दिसते, गाडी दिसते, पण पुसट. रंग सगळे चहाचे. डॉक्टर म्हणते मोतीबिंदू आहे, कापावं लागते." मग एकदम चिडून, "लोकाच्या पत्र्याले हत्यार लावणारा माणूस मी. मले कोणी हत्यार लावावं?"

मी पॉलिश पेपर हातात घेतला.

"देवकाले सांगू नको," ते म्हणाले. "ती सकाळच्या बातम्यांतच सांगून टाकीन."

आम्ही मडगार्ड घासून परत उघडं केलं. देवकाबाई आल्यावर चाचांनी तिला सांगितलं की रंग बसला नाही, आणि तिला मागच्या पत्र्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायला पाठवलं, दूर. मग डबे काढले. हिरव्यात ते झाकणानं लाल घालू लागले. एक झाकण. "बस?" मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, "बस?" मी पुन्हा मान हलवली.

"बोल वो माय!" ते हळूच पण कळवळून म्हणाले. "मान हलवून मले काय समजते?"

"नाही. अजून."

"आता?"

"अजून. थोडा काळा बी."

एवढं मी कोणत्याच माणसाशी एका दिवसात बोलले नव्हते. शेवटी ओला रंग तुकड्याशी जुळला. मी म्हणाले, "बस." त्यांनी मडगार्ड रंगवलं आणि घाम पुसला.

पण ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. शनिवारी वाळल्यावर मी पाहिलं. फरक होता. फार नाही. लाल थोडं कमी. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं. मी वाट पाहत राहिले की चाचा विचारतील. त्यांनी विचारलं नाही. ते बोळा फिरवत होते, आणि माझ्याकडं पाठ होती. एकदा विचारतानाच त्यांना किती जड गेलं होतं ते मी पाहिलं होतं. आणि मला आपणहून सांगणं जमलं नाही. असा तो दिवस गेला.

रविवारी सुभेदार आले. लुना उभी केली, चष्मा पुसला, मडगार्ड उचललं आणि गाडीपाशी जाऊन पाटीखालच्या तुकड्याशेजारी धरलं. एकदा असं, एकदा तसं.

"मिस्त्री, जुळला?"

"जुळला साहेब."

"एकच तं आहे!" देवकाबाई मागून म्हणाली. "आता काय भिंग लावून पाहता?"

सुभेदार माझ्याकडं वळले. "तुमी सांगा बाई."

मला 'तुमी' कोणी म्हणत नसे. चाचा चार पावलांवर उभे होते, तोंड माझ्याच दिशेला, कान लावून. माझ्या मनात आलं की नुसती नकाराची मान हलवावी. सुभेदारांना दिसेल, चाचांना दिसणार नाही. काम होऊन जाईल. आणि तसं मनात आलं त्याचीच मला लाज वाटली. त्यांच्या पुढ्यात उभं राहून, त्यांना दिसत नाही म्हणून, त्यांच्या पाठीमागं बोलल्यासारखं.

मी मोठ्यानं म्हणाले, "नाही. फरक आहे."

देवकाबाई म्हणाली, "अवो, काहीबाही काय बोलतं!"

"मलेही वाटून राहिलं होतं," सुभेदार सावकाश म्हणाले. "मी म्हटलं आपलेच डोळे म्हातारे झाले."

"तुमचे नाही साहेब," चाचा म्हणाले. "माझे झाले. मले रंग दिसत नाही. दोन वर्षं झाले."

देवकाबाईच्या हातातली लांबीची पत्ती तशीच राहिली.

"मग माझी गाडी काहून घेतली?" सुभेदारांचा आवाज कडक होता.

"गंज काढता येते म्हणून घेतली. त्याले डोळे लागत नाहीत. रंगाच्या वेळेस सांगाले पायजे होतं, नाही सांगितलं. जुळला म्हणून आता बी खोटं बोललो. न्यायची असेल तर न्या. ट्रॅक्टर मीच बोलावतो."

सुभेदार टांगलेल्या भागांतून फिरले. बोनेटला हात लावला, दाराच्या आतल्या कोपऱ्यात बोट घालून पाहिलं, जिथं कोणी घासत नाही तिथं. बोट बाहेर काढून पाहिलं. स्वच्छ होतं. पुन्हा माझ्यापाशी आले.

"किती फरक आहे?"

"लाल कमी आहे. एक झाकण. त्याच्यापेक्षा जास्त नाही."

"नागपूरले मले 'जुळला साहेब' सांगनारे पुष्कळ भेटतीन," ते म्हणाले. "कमी आहे अन् एक झाकण कमी आहे, हे कोन सांगीन?" त्यांनी मडगार्ड चाचांच्या हातात दिलं. "पुढच्या रविवारी येतो मिस्त्री. अन् जुळला का ते मी तुमाले इचारनार नाही, या बाईले इचारीन. चालते?"

"चालते साहेब," चाचा म्हणाले. फार हळू.

लुनाचा आवाज दूर गेला. देवकाबाईला पहिल्यांदा काय बोलावं ते सुचेना, ती चहा सांगून येते म्हणाली आणि गेली. चाचा मडगार्ड हातात धरून तसेच उभे होते. मला वाटलं, आता रागावतील.

"काल माहीत होतं तुले?"

"हो."

"मग काल काहून नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं नाही."

"नाही इचारलं," ते म्हणाले. मग मडगार्ड खाली ठेवलं, बसले, गाठी चाचपून लालचा डबा ओढला आणि झाकण भरलं. या वेळी आवाज खाली नव्हता. रोडवरच्या माणसालासुद्धा ऐकू गेला असता.

"आता इचारून राहिलो. हे ओतलं. झालं?"

"थांबा," मी म्हणाले. "थोडा पत्र्याच्या तुकड्यावर लावून उन्हात वाळवते. वाळल्यावर सांगते."

"किती वेळ लागीन?"

"लागीन तेवढा."

"बरं," चाचा म्हणाले, आणि डब्याजवळ मांडी घालून वाट पाहत बसले.